हलीमाखालाचा काठ

आमच्या गल्लीत टाकलेला कचरा घरी परत यायचा.

हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. अठ्ठ्याण्णव साली माझ्या नवऱ्याची, अरुणची, रत्नागिरीला बदली झाली. मलाही तिथल्या एका शाळेत मराठी शिकवायला मिळालं आणि आम्ही खाडीलगतच्या एका पाखाडीत भाड्याने घर घेतलं. पाखाडी म्हणजे चिऱ्याच्या पायऱ्यापायऱ्यांनी उतरत जाणारी गल्ली. मी कराडची. पायऱ्यांवरून भाजी आणायची सवय नव्हती, त्यामुळे पहिले आठ दिवस पोटऱ्या दुखण्यातच गेले. सामान लावून झालं तेव्हा खोक्यांचे तुकडे, जुनं पायपुसणं, कान तुटलेले दोन कप असं सगळं एका पिशवीत भरलं आणि घरमालकांना विचारलं, "कचरा कुठे टाकायचा?"

त्यांनी पेपरातून मान वर न काढता अंगठा मागे केला. "मागं. खाडीत."

मी टाकून आले. दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. दारात एक उंच, शिडशिडीत, साठीची बाई उभी. डोक्यावरून पदर, पायात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, एका हातात मिटलेली काळी छत्री आणि दुसऱ्या हातात माझी पिशवी.

"नवीन टीचरबाय तूच ना गो? हे तुजं. तिकडे विसरलीस वाटतं."

"अहो, ते मी टाकलं होतं."

"टाकलं होतंस?" तिला खरोखरच नवल वाटलेलं दिसलं. तिने पिशवीत हात घालून एक कप काढला. "चांगला हाय की. नुसता कान गेलाय. मला पन एका कानाने कमी ऐकायला येतं. मला कोन टाकतं काय?"

ही हलीमाखाला. आमच्या पाखाडीतलं शेवटचं घर तिचं, त्यापुढे खाडी. खाला म्हणजे मावशी, पण ती नेमकी कुणाची मावशी हे कुणालाच माहीत नव्हतं. हिंदूंची, मुसलमानांची, पोस्टमनची आणि गल्लीतल्या कुत्र्यांची ती सारखीच खाला होती.

तिला कचरा वाचता यायचा. पिशवीवर नाव नसलं तरी तिचं अडायचं नाही. "महिनाअखेरीला पापलेटाचे काटे कोन टाकतं? ज्याचा मुलगा कुवेतला, तोच." किंवा, "ह्या बटाट्याची सालं बघ कशी जाड काढलीत. नवी सून आलेय ती, दुसरं कोन?" आणि ती पिशवी त्या सुनेच्या हातात द्यायची, सासूसमोर. भांडण कधीच करायची नाही. आवाज असा मऊ, की जणू बाजारात राहिलेली छत्री परत करतेय. "विसरलात वाटतं."

तिचा सगळ्यात गाजलेला पराक्रम म्हणजे कदम भाऊसाहेबांचा. हे निवृत्त तलाठी. सातबारा, फेरफार आणि हद्दीच्या खुणा सोडून त्यांना जगात कशाची गोडी नव्हती. त्यांनी घरातला संडास नवा बांधला आणि जुनं फुटकं भांडं गोणपाटात गुंडाळून तिन्हीसांजेला गुपचूप खाडीकडे सोडून दिलं. सकाळी बघतात तर ते भांडं त्यांच्या अंगणात, तुळशीपासून अदबीने अंतर राखून, धुऊनपुसून ठेवलेलं. शेजारी खाला. "भाऊसाहेब, तुमची बैठक तिकडे राहिली होती."

भाऊसाहेब त्यानंतर वर्षभर तिच्याशी बोलले नाहीत. ती मात्र रोज त्यांच्याशी बोलत होती.

ज्या जागेसाठी ही सगळी उठाठेव चालायची, ती जागा सुरुवातीला मला तर बघवायची नाही. गल्लीची शेवटची घरं आणि खाडीचं पाणी यांच्यामध्ये खाजणाचा, म्हणजे दलदलीचा, एक लांबट पट्टा होता. सगळ्या घरांची तिकडे पाठ. पडक्या घरांचं डबर, माशांचे थर्माकोलचे खोके, गणपतीतली मखरं, एका उलट्या होडीचा सांगाडा. भरती आली की हे सगळं तरंगायचं आणि ओहोटी लागली की तिथेच बसायचं. वास असा, की तिकडची खिडकी उघडायची तर आधी घरात चर्चा व्हायची. या सगळ्याच्या मधोमध खारफुटीची दहा-बारा खुरटी झाडं जीव धरून होती. चिखलातून वर आलेल्या त्यांच्या मुळ्यांना प्लॅस्टिकच्या पिशव्या गुंडाळलेल्या असायच्या. खाला रोज ओहोटीला उतरायची आणि छत्रीच्या टोकाने एकेक पिशवी सोडवत बसायची.

"त्या मुळ्या नाकं हायत त्यांची," ती मला म्हणाली. "तुज्या नाकावर कोनी पिशवी बांधली तर?"

भाऊसाहेबांनी मला बाजूला घेऊन समजावलं होतं. "मॅडम, तुम्ही त्यात पडू नका. ही जागा रेकॉर्डला पोटखराबा आहे. पोटखराबा म्हणजे लागवडीला नालायक."

हे खालाच्या चांगल्या कानावर पडलं. ती खालूनच ओरडली, "पोट खराब तुमचं असेल भाऊसाहेब! जागेचं बरं हाय!"

पट्टा थोडा मोकळा झाला तशी खालाच्या मनात बाग आली. तिचं म्हणणं साधं होतं. रिकाम्या खुर्चीवर लोक ओले कपडे टाकतात, पाहुणा बसलेला असला की टाकत नाहीत. तेव्हा इथे कुणीतरी बसवायला हवं. तिने गुलाब बसवले. बाजारातून कलमं आणली, शेणखत आणलं, प्रत्येक कलमाला आधाराला काठी रोवली आणि सकाळ-संध्याकाळ डोक्यावरून गोडं पाणी वाहिलं. पंधरा दिवस गुलाब टवटवीत होते. मग अमावास्येचं उधाण आलं. पाणी नेहमीची हद्द सोडून वर चढलं, आणि आठवड्याभरात सगळे गुलाब काळे पडले.

खाला छत्री उगारून काठावर उभी राहिली आणि तिने समुद्राला झाडलं. "खारट मेल्या! एवढं पालघरपासून गोव्यापर्यंत पसरलायस, तुला माज्या सहा गुलाबांचीच जागा दिसली?"

मग जास्वंद मेली. मग केळ मेली. मोगरा तर पाणी यायच्या आधीच, नुसत्या ऐकीव माहितीवर गेला, असं अरुण म्हणायचा. खाला हटली नाही, पण तिचं बोलणं जरा कमी झालं, आणि ते आम्हाला चैन पडू देईना.

एका सकाळी तिने मला हाक मारली. "टीचरबाय, हे बघ काय झालंय." गुलाबाचं वाळलेलं खुंट होतं, आणि त्याला आधाराला रोवलेल्या काठीला पालवी फुटली होती. काठी भेंडाची होती. भाजीची भेंडी नव्हे, खाडीकाठी पिवळी फुलं येणारं ते झाड. ज्याचं कौतुक केलं ते मेलं, आणि ज्याला नुसतं कामाला उभं केलं होतं ते घर करून राहिलं. खाला बराच वेळ त्या काठीकडे रागाने बघत होती. मग म्हणाली, "ठीक हाय. ज्याला ऱ्हायचंय त्याने ऱ्हावं."

त्यानंतर तिने कुणाला आग्रह केला नाही. डबराच्या ढिगावर मर्यादवेल आपणहून चढली होती, तिला चढू दिलं. करंज, उंडी, भेंड असं जे खाऱ्या वाऱ्याला भीत नाही ते लावलं. केवड्यासाठी ती अंजनवेलकडच्या आपल्या माहेरी गेली आणि कमरेएवढे दोन कोंब घेऊन एस.टी.त बसली. केवड्याच्या पानांना करवतीसारखे काटे. गर्दीत कंडक्टरची बाही फाटली. तो म्हणाला, "आजी, याचं लगेज पडेल." खाला म्हणाली, "मांडीवर घेतलंय ना? मांडीवरच्याला तिकीट नसतं." वादात गुहागरपासून चिपळूण आलं. शेवटी कंडक्टरने तिला मागच्या दाराजवळची अख्खी सीट रिकामी करून दिली, कारण शेजारी कुणी बसायलाच तयार नव्हतं.

आम्हालाही तिने जुंपलं. रविवारी सकाळी दाराबाहेरून आवाज यायचा, "रविवारी मानूस एवढं झोपतो कशाला? मरायची तालीम करतो काय?" मग अरुण, मी आणि आणखी दोन-चार घरची मंडळी डबर उचलायला. ओहोटीला चिखलात कांदळाच्या, म्हणजे खारफुटीच्या, लांब शेंगा रोवायच्या. रोवायला जावं तर माणूसच गुडघ्यापर्यंत रोवला जायचा. अरुणची एक चप्पल चिखलाने गिळली ती गिळलीच. खाला त्याला म्हणाली, "तिचं झाड आलं तर पहिला जोड तुजा."

दोन-तीन पावसाळे गेले आणि जागा ओळखू येईना. भेंडाला पिवळी फुलं धरली, संध्याकाळी ती लालसर होऊन गळायची. केवड्याची जाळी झाली. मुळ्यांमध्ये निवटे, म्हणजे चिखलात टणाटण उड्या मारणारे ते मासे, दिसायला लागले. एकच नांगी मोठी असलेले खेकडे बिळाबाहेर येऊन आपल्याला दम द्यायचे. बगळे आले, ढोकऱ्या आल्या. उलट्या होडीच्या टोकावर एक खंड्या येऊन बसायला लागला. तो निळाशार पक्षी तासन्‌तास काही न करता बसायचा आणि मग एकदम झेप घेऊन मासा उचलायचा. खाला त्याला 'साहेब' म्हणायची. मुलं यायला लागली, मुलांमागे आया आल्या, आयांमागे भेळवाला आला. भेळवाल्याने कागदाचे तुकडे जपून डब्यात टाकायला सुरुवात केली, कारण खाला त्याचं घरही ओळखत होती.

या सगळ्या गडबडीत तिच्या घरात मी क्वचितच जायची. एकदा तिला ताप होता म्हणून पेज घेऊन गेले. पुढच्या खोलीत खाटेवर तिचा नवरा, दाऊदचाचा. ते तांडेल होते, मच्छीमार लाँचचे कप्तान. आम्ही यायच्या आधीच अर्धांगाचा झटका येऊन त्यांची उजवी बाजू आणि वाचा गेली होती. घराची मागची बाजू गळकी, म्हणून खाट पुढच्या खोलीत, गल्लीकडे तोंड करून. एवढ्या मोठ्या समुद्रावर फिरलेल्या माणसाला खिडकीतून आमच्या पाखाडीच्या पाच पायऱ्या दिसायच्या. तापातही खाला त्यांना सांगत होती, "ऐकलंव काय? आज साहेबाने दोन मासे मारले. आनी त्या कदमांनी हद्दीची खूण म्हनून दगड मांडलाय, त्याच्यावर खेकडा बसलाय." चाचा छताकडे बघत होते. ती थांबून, जणू उत्तर ऐकून, पुढचं सांगायची.

मग सुशोभीकरण आलं.

दोन हजार चार-पाचच्या सुमाराची गोष्ट. एक दिवस नगरपालिकेचा तरुण इंजिनियर आणि दोन माणसं फीत घेऊन पट्टा मोजायला लागली. पोरगा सांगलीकडचा, बोलायला गोड. त्याने होडीच्या सांगाड्यावर नकाशा पसरला. पाण्याच्या कडेने भिंत, मागे भराव टाकून हिरवळ, मधोमध कारंजं, दोन सिमेंटची हरणं. खारफुटी आणि केवड्याच्या जागी नकाशात काहीच नव्हतं. नुसता हिरवा रंग होता.

गल्ली जमली. खालाने छत्रीचं टोक नकाशातल्या हरणांवर ठेवलं. "हरनं खाडीवर कशाला येतील?" तिने विचारलं. "पानी खारट."

"आजी, ती सिमेंटची आहेत."

"मग त्यांना पानी कशाला?"

लोक हसले, खाला नाही. पुढचं बोलले ते भाऊसाहेब. ते पुढे झाले तेव्हा मला वाटलं, संपलं आता, कारण इथे साप होतात, डास होतात असे अर्ज त्यांनीच आजवर केले होते.

"साहेब, ही जागा रेकॉर्डला पोटखराबा आहे," त्यांनी सुरुवात केली. मग चष्मा पुसला. "तरी पण. मी रोज सकाळी चहाचा कप घेऊन इथे येतो. हिला माहीत नाही, ही खाली चिखलात असते. तो निळा पक्षी आहे ना, तो येईपर्यंत मी थांबतो. आता तुम्ही भिंत घातलीत तर मी बघायचं काय? भिंत?"

"मला माहीत हाय," खाला पुटपुटली. "कपाचा आवाज येतो."

मग एकेक जण बोलायला लागला. जाड सालं काढणारी सून बोलली, भेळवाला बोलला. अरुणने चपलेची गोष्ट सांगितली, तिचा काही संबंध नव्हता. इंजिनियरने डोकं खाजवलं. भिंत वगळून बघतो म्हणाला, भरावही कमी करता येईल. "पण काका, काहीतरी बांधकाम तर दाखवायला लागेल मला. हरणं तर तयारच आहेत."

"ऱ्हाऊ देत हरनं," खाला एकदम म्हणाली. "बिचारी जातील कुठे? आनी एक रस्ता कर."

"रस्ता?"

"सिमेंटचा. गुळगुळीत. एक पन पायरी नको. माज्या मागच्या दारापासून पान्यापर्यंत."

सिमेंटची एक पाटी दिसली तरी जी बाई अंगावर जायची, ती रस्ता मागत होती. परत जाताना भाऊसाहेब माझ्या कानाशी कुजबुजले, "बघितलंत? शेवटी स्वतःच्या दारापासूनच." मलाही नवल वाटलं.

रस्ता झाला. अरुंद, उतरता, भेंडांच्या मधून वळण घेत पाण्याशी जाणारा. शेवटी एक बुटका कट्टा. सिमेंट ओलं असताना खाला दिवसभर राखण करत होती, तरी एक खेकडा चालून गेलाच. गवंडी पुन्हा थापी मारायला निघाला तर तिने अडवलं. "असू दे. सही केलेय त्याने."

त्यानंतर एका संध्याकाळी, ऊन उतरलं होतं तेव्हा, ती आमच्या दारात आली. बूट धुतलेले, साडी इस्त्रीची. "टीचरबाय, अरुणला पाठव. भाऊसाहेबांना पन हाक मार. जरा उचलायचं हाय."

आम्हाला वाटलं, डबर असेल. घरात गेलो तर दाऊदचाचा खाटेवर उशीला टेकून बसवलेले. दाढी केलेली, पांढरा सदरा, डोक्यावर जाळीची टोपी. खोलीत अत्तराचा वास. शेजारी चाकाची खुर्ची होती. त्यांच्या मुलाने सौदीतल्या दम्मामहून ती कधीच पाठवली होती, पण पुढे पाखाडीच्या पायऱ्या आणि मागे चिखल, मग तिच्यावर इतकी वर्षं धुणं वाळत होतं. अरुणने आणि भाऊसाहेबांनी चाचांना उचललं. मागच्या दाराचा उंबरा ओलांडताना भाऊसाहेबांनी चाचांच्या लुळ्या पायाखाली स्वतःचा हात धरला, तो दाराला घासू नये म्हणून.

खुर्ची रस्त्याला लागली तशी खालाने आम्हाला बाजूला केलं. कुणाला ढकलू देईना. आणि तिचं तोंड सुरू झालं. "हा भेंड. काठीचा झालाय, सांगितलं होतं ना? हा केवडा, तुमच्या सासरचा. सांभाळून, काटे हायत. ही हरनं, ह्यांच्याकडे नका बघू. हा करंज. त्या बाजूला सगळं कांदळ, अरुणची चप्पल त्याच्याखाली हाय..."

"खाला, जरा दम घ्या," अरुण म्हणाला.

"दोघांचं मलाच बोलावं लागतं रे," ती म्हणाली, आणि ढकलत राहिली.

वळण संपलं आणि पाणी आलं. खाडी सोन्यासारखी लखलखत होती. लांबवर एक लाँच आत येत होती, तिच्यामागे पांढरे पक्षी. चाचांची मान हळूहळू वर झाली. त्यांचे डोळे लाँचबरोबर सरकत होते. ती कुठून वळणार हे त्यांना ठाऊक असावं, कारण ती वळायच्या आधीच नजर तिथे पोचली होती.

खाला समोर वाकून त्यांच्या तोंडाकडे बघत होती. तेवढ्यात त्यांनी डावा हात उचलला आणि शेजारच्या कट्ट्यावर थाप मारली. एकदा, मग पुन्हा.

"काय? पानी हवंय?" मान हलली नाही. "ऊन लागतंय? टोपी घट्ट हाय काय? घरी जायचं? आत्ताच तर आलो!" थाप चालूच. खाला घाबरली. "काय होतंय यांना? टीचरबाय, बघ गो, दुखतंय काय कुठे?"

मी त्यांच्या हाताकडे बघितलं. मग कट्ट्याकडे.

"खाला, ते तुम्हाला बस म्हणतायत."

तिने माझ्याकडे बघितलं, त्यांच्याकडे बघितलं. छत्री कुठे ठेवावी ते तिला कळेना, म्हणून भाऊसाहेबांनी ती घेतली. मग ती बसली, अगदी कडेला, पाहुण्यांच्या घरी बसावं तशी. चाचांचा हात कट्ट्यावरून सरकत तिच्या हातावर आला आणि तिथे थांबला.

भाऊसाहेबांनी आम्हाला डोळ्यांनीच खुणावलं. आम्ही तिघं मागे फिरलो. वळणावर मी एकदा पाहिलं. भरती लागली होती, पाणी मुळ्यांमध्ये शिरताना बुडबुड वाजत होतं. लाँच धक्क्याकडे निघून गेली होती. ती दोघं समोर बघत होती, आणि खाला काही बोलत नव्हती.